ऑलिव्हर ट्विस्ट : विद्यार्थी व हौशी रंगभूमीवरील रूपांतरे

ऑलिव्हर ट्विस्ट ही विख्यात इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–७०) ह्याची कादंबरी. बेंट्लीज मिसेलनी ह्या मासिकातून ती फेब्रुवारी १८३७ ते एप्रिल १८३९ ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ग्रंथरूपाने ती तीन खंडांत १८३८ मध्येच निघाली. इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्यानंतर निराधारांना कष्टाच्या मोबदल्यात अन्न व निवारा देणारी श्रमगृहे अधिक कठोर झाली होती. अशा श्रमगृहात जन्मलेला ऑलिव्हर हा अनाथ मुलगा लंडनमधील चोरांच्या टोळीत सापडतो आणि अखेर सज्जनांच्या आश्रयाला येतो, असे ह्या कादंबरीचे कथानक आहे. शाळा, महाविद्यालये आणि गावोगावच्या हौशी नाट्यसंस्था ह्यांनी इंग्रजी भाषिक देशांत ते वारंवार रंगभूमीवर आणले आहे.

कादंबरीचा शेवट वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच, १८३८ मध्ये, तिची नाट्यरूपांतरे लंडनमध्ये होऊ लागली. १८३३ च्या कायद्याने नाटककाराच्या प्रयोगहक्काला संरक्षण मिळाले होते. परंतु कादंबरीवरून दुसऱ्याने नाटक रचल्यास कादंबरीकाराला ते रोखता येत नसे. सरी थिएटरमधील एका प्रयोगाच्या वेळी डिकन्स इतका व्यथित झाला, की पहिल्या प्रवेशाच्या मध्यातच तो आपल्या बैठकीच्या कोपऱ्यात जमिनीवर आडवा झाला व पडदा पडेपर्यंत उठला नाही, असे त्याचा मित्र व चरित्रकार जॉन फॉर्स्टर ह्याने नमूद केले आहे. नाट्यरूपांतराचा हक्क ब्रिटनमधील लेखकांना १९११ च्या कायद्याने मिळाला. डिकन्स स्वतः मात्र हौशी रंगभूमीचा निष्ठावंत कार्यकर्ता होता. १८४५ मध्ये त्याने मित्रांसह बेन जॉन्सनचे एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर हे नाटक बसविले व त्यात भूमिकाही केली. पुढे ह्याच कादंबरीतील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग त्याने १८६९ पासून आपल्या जाहीर वाचनांतून सादर केला.

हौशी मंडळींना हे कथानक सोयीचे वाटते, ह्याची कारणे व्यावहारिक आहेत. श्रमगृहातील मुले, चोरांची टोळी आणि बाजारातील गर्दी ह्यांमुळे वर्गातील वा गावातील पुष्कळांना रंगमंचावर स्थान मिळते. मुख्य भूमिका थोड्या असल्या, तरी फेगिन, बिल साइक्स, नॅन्सी, बंबल व डॉजर ही पात्रे ठळक असल्याने नवशिक्या नटालाही पकडता येतात. वेशभूषेला जुने कपडे पुरतात. मूळ कादंबरीवर आता स्वामित्वहक्क नसल्यामुळे शिक्षकाला आपल्या मुलांच्या संख्येनुसार नवी संहिता रचता येते.

ह्या परंपरेला सर्वांत मोठे वळण लायनेल बार्ट (१९३०–९९) ह्याच्या ऑलिव्हर! ह्या संगीतिकेने दिले. लंडनच्या न्यू थिएटरमध्ये ३० जून १९६० रोजी तिचा पहिला प्रयोग झाला आणि त्या पहिल्या आवर्तनात एकूण २,६१८ प्रयोग झाले. शॉन केनी ह्याने योजलेल्या लाकडी, फिरत्या नेपथ्यामुळे पडदा न पाडता स्थळ बदलता आले. १९६८ मध्ये कॅरल रीड ह्याने तिच्यावर चित्रपट काढला. शाळा व हौशी संस्था पुढे बव्हंशी ही संगीतिकाच करू लागल्या. तिच्या प्रयोगासाठी परवाना व मानधन आवश्यक असते; संहितेत परस्पर फेरफार करता येत नाहीत.

बार्टने मूळ कथेची मोठी काटछाट केली. ऑलिव्हरचा सावत्र भाऊ मंक्स व त्याचे कारस्थान, तसेच रोझ मेलीचे कुटुंब हे सर्व त्याने गाळले. कादंबरीत फेगिनला फाशी होते व आदल्या रात्री तुरुंगाच्या कोठडीत ऑलिव्हर त्याला भेटतो; संगीतिकेत फेगिन मोकळा राहतो. नव्या प्रेक्षकाच्या मनात डिकन्सची कथा म्हणून बहुधा हीच रूपरेषा ठसते. संक्षेप अपरिहार्य असला, तरी श्रमगृहाच्या व्यवस्थेवरील कठोर टीका गाण्यांच्या उत्साहात फिकी पडण्याचा धोका त्यात असतो. ह्याउलट नील बार्टलेट ह्याने २००४ मध्ये लंडनच्या लिरिक हॅमरस्मिथ नाट्यगृहासाठी केलेल्या रूपांतरात डिकन्सच्या मूळ शब्दांवरच भर दिला. रॉयल शेक्सपिअर कंपनीने १९८० मध्ये सादर केलेल्या डेव्हिड एडगरकृत निकोलस निकल्बी ह्या सु. साडेआठ तासांच्या रूपांतरात नटसमूहच निवेदन करतो व एकेक नट अनेक भूमिका करतो. ही पद्धती अल्प साधनांच्या रंगमंचालाही अनुकूल आहे.

फेगिनची भूमिका हा ह्या प्रयोगांपुढील सर्वांत बिकट प्रश्न होय. कादंबरीत त्याचा उल्लेख पुनःपुन्हा केवळ ‘ज्यू’ असा येतो. १८६३ मध्ये इलायझा डेव्हिस ह्या ज्यू महिलेने डिकन्सला पत्र लिहून ह्यामुळे आपल्या समाजावर अन्याय होत असल्याचे कळविले. आरंभी त्याने आपली बाजू मांडली. परंतु अवर म्यूचुअल फ्रेंड (१८६४–६५) ह्या कादंबरीत रायाह हे सत्प्रवृत्त ज्यू पात्र घातले व १८६७ च्या आवृत्तीत ऑलिव्हर ट्विस्टमधील असे अनेक उल्लेख काढून टाकले. तथापि जॉर्ज क्रुक्शँकच्या चित्रांतील विकृत चेहरा रंगभूषेत टिकून राहिला. डेव्हिड लीनच्या १९४८ च्या चित्रपटातील ॲलेक गिनेसची रंगभूषा त्याच चित्रांवर आधारलेली होती. तिच्यावरील आक्षेपांमुळे अमेरिकेत तो चित्रपट काटछाटीनंतर १९५१ मध्येच दाखविला गेला. बार्ट हा स्वतः ज्यू होता. त्याने फेगिनला विनोदी व काहीसे हळवे रूप दिले.

शाळेत फेगिनचे काम करणारा मुलगा कृत्रिम नाक व ओढूनताणून आणलेले उच्चार ह्यांवर हशा मिळवितो, तेव्हा तो नकळत एका जुन्या द्वेषाची नक्कल करीत असतो, आणि समोर बसलेल्यांत त्या समाजाचे मूलही असू शकते. केवळ उल्लेख गाळून हा प्रश्न सुटत नाही, कारण पात्राची घडणच त्या साच्यातून झालेली आहे. म्हणून तालमीच्या आरंभीच डेव्हिस-प्रकरणाची माहिती मुलांना देणे आणि फेगिनचे दुष्टपण त्याच्या धर्मात नसून अनाथ मुलांच्या शोषणात आहे, हे अभिनयातून स्पष्ट करणे हितावह ठरते. असे केल्यास, उपाशी मुलांना अन्न नाकारणारा बंबल व त्यांना अन्न देऊन चोरी शिकविणारा फेगिन ह्यांतील विरोध प्रेक्षकांपुढे उभा राहतो. डिकन्सचा मूळ आरोप त्या विरोधातच आहे.