कालंकेच्या मस्तकावरील पाषाणवितान

शारदीय नवरात्रात जगदंबेच्या दर्शनास निघणाऱ्या वऱ्हाडातील भाविकांस अकोल्याजवळील बार्शीटाकळीचे कालंका मातेचे देवालय अपरिचित नाही. परंतु देवीची ओटी भरून परतताना, ज्या शिळांच्या छायेत आपण हात जोडले त्यांच्याकडे मान वर करून पाहणारे किती?

येथील संस्कृत शिलालेखात शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६, हा काल कोरलेला आहे. देवालयास सारे हेमाडपंती म्हणतात. वास्तविक ‘चतुर्वर्गचिंतामणी’कार हेमाद्री पंडित ज्याच्या पदरी होते, तो देवगिरीचा महादेवराय यादव गादीवर आला १२६१ मध्ये. त्यापूर्वी ८५ वर्षे हे मंदिर उभेच होते! एका रात्रीत बांधलेल्या देवळांच्या कथा आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो, पण शिलालेखापुढे आम्हीही मुकाट बसावे. हेमाडपंती हे नाव कर्त्याचे नव्हे, पद्धतीचे समजावे.

या पद्धतीत काळ्या पाषाणाचे घडीव चिरे चुन्यावाचून बसवितात. भार आणि बैठक यांवरच सारे उभे. बार्शीटाकळीस बाह्यांगाची आकृती तारकेची आहे. एकाच मध्यबिंदूभोवती चौरस फिरवीत जावे आणि त्याचे कोन तेवढे बाहेर राखावेत, तशी. त्यामुळे सपाट भिंत उरतच नाही. ऊन कलले की एक कोन उजळतो आणि त्याच्या शेजारचा सावलीत जातो.

खरा कूटप्रश्न छताचा. चार खांबांवर तुळया ठेवल्या की चौरस होतो. त्याच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकल्या की मोकळी जागा आक्रसते. पुन्हा तसेच करीत गेले की शेवटचे छिद्र एकाच शिळेने मिटते. प्रत्येक शिळा आडवीच असते आणि तिचे मागील टोक वरच्या भाराने दाबलेले असते.

चौरसावर वर्तुळ कसे तोलावे, हे कोडे इतरत्रही पडले होते. कॉन्स्टँटिनोपल येथे सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ या काळात हाया सोफिया हे ख्रिस्ती देवालय बांधविले. तेथील स्थपतींनी चार कमानींच्या कोपऱ्यांत गोलाईचे त्रिकोण भरून त्यांवर सुमारे ३१ मीटर रुंदीचा विटांचा घुमट चढविला. पायथ्याशी ४० खिडक्या ठेवल्या, जेणेकरून तो अधांतरी भासावा. दृश्य विलक्षण खरे. पण अशा घुमटाचा जोर बाहेर ढकलतो. ५५८ मध्ये तो कोसळला आणि ५६२ मध्ये अधिक उंच करून पुन्हा उभारला गेला. आमच्या शिल्पींनी असा बाहेरचा जोर पत्करलाच नाही. त्यापायी खांबांची दाटी झाली, गाभारा काळोखा राहिला. देवीपुढील समईची ज्योत त्या काळोखातच शोभते, हेही विसरू नये.

हे भाराचे गणित बिघडते ते पुष्कळदा भक्तीच्याच हाताने. बार्शीटाकळी असो वा दर्यापूरकडील लासूरचा आनंदेश्वर, नवस फेडणाऱ्याने तैलरंगाचा डबा आणि फरशीचे तुकडे घेऊन येऊ नये. रंगाखाली नक्षी बुजते, आणि सिमेंट भरलेल्या सांध्यांमागे पाणी कोंडते. शिलालेखाची अक्षरे बुजली, तर शके १०९८ कोणी सांगावे?

सांध्यांत रुजलेल्या पिंपळाला हात लावण्यास मन धजत नाही, हे मी जाणतो. तरीही तो वीतभर असतानाच पुरातत्त्व खात्यास कळवावे, त्यांच्याकडून तो अलगद सोडवून घ्यावा आणि गावाच्या पारावर लावून त्यास पाणी घालावे. त्यात दोष नाही, असे माझे मत आहे.