फसवे पत्ते

टेक्सासकडील 'होल्डेम' पोकरात प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते असतात आणि मधे सर्वांचे मिळून पाच उघडतात. त्या सातांतून उत्तम पाच धरावयाचे. पैजेला मर्यादा नसली, की एकाच डावात पुढ्यातले सर्व जाऊ शकते.

एक्का-गुलाम आला की आपण हरखतो. पण मोठी पैज लावणाऱ्या सावध गड्याजवळ पुष्कळदा एक्का-राजा निघतो. मग मधे एक्का उघडला तर जोडी दोघांचीही जमते, आणि त्याच्या राजापुढे आपला गुलाम पडतो. अशा गाठीत चारांत साधारण एकदाच आपली सरशी होते. दुरी-सत्ती आपण सहज टाकतो. बुडवतो तो हा दुय्यम थाट. म्हणून आधी समोरची पैज पाहावी, आणि ती भारी असेल तर एक्का-गुलाम खुशाल टाकावा.