पाच थेंब की अर्धी बाटली?

गेल्या महिन्यात आमच्या घरात पाण्यावरून वाद झाला. नळाच्या पाण्यावरून नव्हे, मोबाइलमधल्या!

नववीत शिकणारी मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी चॅटजीपीटीला प्रश्न विचारत होती. थोरला मुलगा कॉलेजातून आला आणि म्हणाला, "एक प्रश्न विचारलास की अर्धा लिटर पाणी संपतं, माहीत आहे का तुला?" तिने लगेच आपल्या मोबाइलवर दुसरी बातमी काढून दाखवली. "भाईजान, हे वाच. पाच थेंब लागतात, फक्त पाच!" दोघांचा आवाज चढू लागला. तस्बीह हातात घेऊन बसलेल्या दादींनी शेवटी विचारले, "अरे, पण त्या मोबाइलमध्ये पाणी असतं तरी कुठे?"

दोघेही गप्प झाले. आकडे दोघांकडे होते, पण दादींच्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. हा वाद आज हजारो घरांत, वर्गांत आणि मोबाइलच्या पडद्यावर चालू आहे. एक बाजू म्हणते, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे एआय पृथ्वीचे पाणी पिऊन टाकणार. दुसरी म्हणते, हा सारा बाऊ आहे. खरे काय, हे समजून घेण्यासाठी दादींच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू या.

पाणी जाते कुठे?

आपण मोबाइलवर प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर मोबाइलमध्ये तयार होत नाही. प्रश्न इंटरनेटवरून एखाद्या डेटा सेंटरमध्ये जातो. डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक रात्रंदिवस चालणारी मोठी इमारत. मोबाइल जास्त वेळ वापरला की हातात गरम लागतो. तसेच हे संगणकही तापतात. फरक एवढाच की तिथे ते हजारोंनी एकत्र असतात. ती उष्णता बाहेर काढली नाही, तर यंत्रे बंद पडतील.

उष्णता काढण्याची एक स्वस्त रीत आपल्या ओळखीची आहे. माठातले पाणी थंड का राहते? माठाच्या अंगावरून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. वाळ्याचा पडदा आणि विदर्भातल्या घराघरांतला कूलर याच नियमाने चालतो. अनेक डेटा सेंटरमध्ये हेच काम मोठमोठे मनोरे करतात. उडालेले पाणी त्या गावाच्या नळात परत येत नाही. शिवाय पाणी उडाले की त्यातले क्षार मागे राहतात आणि नळ्या खराब करतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी पिण्याच्या दर्जाचे स्वच्छ पाणी वापरले जाते.

पाणी लागण्याची दुसरी जागा डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे वीज केंद्र. डेटा सेंटरला वीज हवी आणि कोळशावर वीज तयार करताना वाफेसाठी व ती थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते. हे पाणी डेटा सेंटरच्या मीटरवर येत नाही, पण कुठल्या तरी धरणातून जातेच.

दोन्ही आकडे आले कुठून?

अर्ध्या लिटरची गोष्ट २०२३ सालची आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील संशोधकांनी त्यांच्या साथीदारांसह एक हिशेब मांडला. जीपीटी-३ या एआयने मध्यम लांबीची १० ते ५० उत्तरे दिली, तर त्यामागे सुमारे अर्धा लिटर पाणी खर्च होते. जागा आणि वेळ बदलली की हा आकडा बदलतो, असेही त्यांनी सांगितले होते. वीज केंद्रातले पाणीही त्यांनी धरले होते. पुढे ही गोष्ट तोंडोतोंडी आणि मोबाइलोमोबाइली फिरताना "१० ते ५० उत्तरे" गळून पडली आणि "एका प्रश्नाला अर्धा लिटर" एवढेच उरले.

पाच थेंबांची गोष्ट ऑगस्ट २०२५ची आहे. गूगलने जाहीर केले की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या एका सर्वसाधारण लेखी प्रश्नामागे ०.२६ मिलिलिटर पाणी आणि ०.२४ वॅट-तास वीज लागते. म्हणजे पाण्याचे पाच थेंब आणि नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण दीड मिनिट चालेल एवढी वीज. त्याआधी जूनमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीही चहाच्या चमच्याचा पंधरावा हिस्सा, असाच आकडा सांगितला होता.

मग मुलगी जिंकली का? तसेही नाही. २०२३चा हिशेब जुन्या एआयचा होता आणि यंत्रे तेव्हापासून सुधारली आहेत, हे खरे. पण गूगलच्या पाच थेंबांत वीज केंद्रातले पाणी धरलेले नाही आणि संशोधकांनी त्यावर बोट ठेवले. तो आकडा फक्त लेखी प्रश्नाचा आहे; चित्र किंवा व्हिडिओ बनवून घेण्याचा खर्च त्यात येत नाही. एआयला आधी शिकवून तयार करण्यासाठी जे लागते, तेही त्यात नाही. एकट्या जीपीटी-३ला अमेरिकेतल्या डेटा सेंटरमध्ये तयार करताना सुमारे सात लाख लिटर पाणी वाफ होऊन गेले असावे, असा त्याच रिव्हरसाइडच्या संशोधकांचा अंदाज आहे.

थोडक्यात, दोघांनी एकाच गोष्टीची दोन वेगवेगळी मापे घेतली होती. एकाने घरापासून धरणापर्यंतचे पाणी मोजले, दुसऱ्याने फक्त आपल्या अंगणातले.

पण माझ्या मते मोठी चूक वेगळीच आहे. पाणी "एका प्रश्नामागे" मोजणे हीच ती चूक. पाच थेंबांच्या हिशेबाने एक बादली भरायला ७५ हजारांहून जास्त प्रश्न विचारावे लागतील. घरातला गळका नळ यापेक्षा कितीतरी पाणी वाया घालवतो. मग मुलांना अपराधी वाटायला लावून काय मिळणार? खरा प्रश्न असा की हे सारे थेंब एकाच गावच्या विहिरीतून जातात तेव्हा त्या गावाचे काय होते?

गाव कोणते, उन्हाळा कोणता?

अमेरिकेत ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅल्स नावाचे छोटे शहर आहे. तिथे गूगलची डेटा सेंटर आहेत. ती किती पाणी घेतात, असे एका वृत्तपत्राने विचारले. नगर प्रशासनाने उत्तर द्यायचे सोडून ती माहिती रोखण्यासाठी वृत्तपत्राविरुद्ध दावा लावला. कंपनीचे व्यापारी गुपित, हे कारण! वर्षभराहून जास्त काळ ओढाताण झाल्यावर डिसेंबर २०२२मध्ये समझोता झाला आणि आकडा बाहेर आला. २०२१ साली शहराच्या एकूण पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त पाणी, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर, गूगलने वापरले होते. पाच वर्षांत हा वापर जवळपास तिप्पट झाला होता.

दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२३ साली तिथे ७४ वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ पडला. राजधानी मॉन्टेव्हिडिओत नळाला खारट पाणी येऊ लागले, कारण धरण आटले म्हणून खाडीमुखाकडचे पाणी त्यात मिसळावे लागले. लोक दुकानातून बाटल्या विकत घेऊ लागले. ज्यांना ते परवडत नव्हते, ते खारट पाणीच पीत राहिले. त्याच सुमारास गूगल तिथे डेटा सेंटर उभारणार होते. एका विद्यापीठातील संशोधकाने न्यायालयात जाऊन पाण्याचा आकडा मागितला. न्यायालयाने सरकारला तो द्यायला लावला. रोज ७६ लाख लिटर. म्हणजे ५५ हजार माणसांच्या घरगुती वापराइतके. लोक रस्त्यावर आले आणि कंपनीने आराखडा बदलला. प्रकल्प लहान झाला आणि पाण्याऐवजी हवेने थंड करण्याचे ठरले.

दोन्ही गोष्टींत पाच थेंब की अर्धी बाटली, हा प्रश्न कोणी विचारला नाही. लोकांनी विचारले, आमच्या धरणातून रोज किती? आणि ते आम्हाला का सांगितले जात नाही?

आपल्या दाराशी

हे सारे सातासमुद्रापार घडते आहे, असे समजू नका. देशातली सर्वांत जास्त डेटा सेंटर मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात आहेत. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या तारा मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, हे त्याचे एक कारण. ऐरोली, रबाळे, महापे या भागांतून जाताना खिडक्या नसलेल्या ज्या उंच इमारती दिसतात, त्यांतल्या काही याच. तिथल्या एमआयडीसीला बारवी धरणाचे पाणी येते. त्या धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातल्या वस्त्यांना आपली घरे सोडावी लागली.

ऑक्टोबर २०२५मध्ये गूगलने विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. असे प्रकल्प वाढतच जाणार आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरनी ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या तुलनेत हे फक्त दीड टक्का. पण २०३०पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त, सुमारे ९४,५०० कोटी युनिट होईल, असा अंदाज आहे.

आणि विजेचे पाण्याशी नाते काय असते, हे मराठवाड्याला सांगायला नको. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. म्हणून "आम्ही हवेने थंड करतो, पाणी वापरत नाही" असे कोणी म्हटले, तरी हिशेब संपत नाही. हवेने थंड करायला वीज जास्त लागते आणि ती वीज कोळशाची असेल, तर पाणी दुसऱ्या धरणातून जाते.

मार्ग आहेत

याचा अर्थ डेटा सेंटर नकोतच, असा नाही. त्यांच्याच जोरावर आज खेड्यातली मुलगी एआयला आपल्या भाषेत गणित विचारू शकते. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट, परदेशातल्या मुलाशी व्हिडिओवर बोलणे, हे सारे अशाच इमारतींतून चालते.

पाणी वाचवण्याचे मार्गही आहेत. फिनलंडमध्ये हामिना येथे गूगलने कागदाच्या जुन्या गिरणीत डेटा सेंटर उभारले आणि ते समुद्राच्या थंड पाण्यावर चालवले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात डग्लस काउंटीत शुद्ध केलेले सांडपाणी वापरले जाते. आपल्याकडेही नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे येथे सांडपाण्यावर पुढची प्रक्रिया करून ते कारखान्यांना देण्याची सोय उभी केली आहे. पिण्याचे पाणी माणसांना आणि वापरलेले पाणी यंत्रांना, ही वाटणी शक्य आहे. पण ती आपोआप होत नाही. लोकांनी विचारले, तिथे झाली.

आपण काय करावे?

वाहत्या नदीकाठी बसलो तरी वजूचे पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नदी आटेल म्हणून नव्हे, तर पाणी अमानत आहे म्हणून. हाच विचार मोबाइललाही लावता येईल. अभ्यासाचा प्रश्न जरूर विचारावा. मात्र केवळ गंमत म्हणून दिवसभर चित्रे आणि व्हिडिओ बनवून घेणे आणि लगेच पुसून टाकणे, हा इसराफच आहे. मुलांना "पाणी संपेल" अशी भीती घालण्यापेक्षा हा फरक समजावून सांगावा.

पण घरातली काटकसर पुरेशी नाही. पाण्यात साऱ्यांचा वाटा असतो आणि वाटेकऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क असतो. आपल्या गावाजवळ डेटा सेंटर येत असेल, तर रोजगार किती मिळणार, एवढेच विचारून थांबू नका. पाणी कोणत्या धरणातून? रोज किती? एप्रिल-मे महिन्यांत टंचाई आली, तर आधी कोणाचा नळ बंद होणार? सांडपाणी शुद्ध करून का घेत नाही? ग्रामसभेत, नगरसेवकाकडे, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात हे विचारता येते. उरुग्वेत एका माणसाने विचारले आणि साऱ्या देशाला आकडा कळला.

त्या संध्याकाळी मुलीने आपल्या प्रकल्पाचा विषय बदलला. तिच्या वहीवर आता लिहिले आहे, "आमच्या शहराचे पाणी कोणाकोणाला जाते?" भाईजान तिला आकडे शोधायला मदत करतो आहे. दादी अधूनमधून विचारतात, "सापडलं का गं पाणी?"

मुलगी म्हणते, "दादी, थोडं सापडलं. बाकीचं विचारायचं आहे."