सम्राटाची दांडी गुल!

निवडणुकीत कुणी बडा नेता आपटला की दुसऱ्या दिवशी हेडलाइन ठरलेली : 'अमुकतमुकांचं वॉटर्लू!' पण माहीत आहे का, १८ जून १८१५ ची, फ्रेंच सम्राट नेपोलियनला धूळ चारणारी ती लढाई वॉटर्लू गावात झालीच नव्हती?

ती झाली गावाच्या दक्षिणेला, काही किलोमीटरवर. वॉटर्लूत होता इंग्रज सेनापती वेलिंग्टनचा मुक्काम. विजयाचा रिपोर्ट तिथून लंडनला गेला आणि गाव फुकटात जगप्रसिद्ध झालं! त्याच्या साथीला आलेल्या प्रशियाच्या सेनापती ब्ल्युखरला मात्र लढाईचं नाव 'ला बेल अलायन्स' हवं होतं. ही होती रणांगणावरची एक खानावळ!

आदल्या रात्री पाऊस धो धो कोसळला. चिखलात तोफा हलेनात, म्हणून जमीन वाळायची वाट बघण्यात नेपोलियनची सकाळ गेली. हल्ला सुरू व्हायला साडेअकराच्या आसपास वाजले. तोवर प्रशियाची फौज वेलिंग्टनच्या मदतीला निघाली होती!

या ब्ल्युखरचं वय माहीत आहे का? ७२! दोनच दिवसांपूर्वी लिग्नीच्या लढाईत आजोबा स्वतःच्या घोड्याखाली अडकले होते. तरीही ऐन वेळी हजर! उलट नेपोलियनचा मार्शल ग्रुशी सुमारे ३३,००० सैनिक घेऊन भलतीकडेच. त्याला तोफांचा गडगडाट ऐकू आला, हाताखालचे अधिकारी 'तिकडे वळा' म्हणून मागे लागले, पण हा आपला मिळालेल्या हुकमाला चिकटून. मला विचाराल तर वॉटर्लूचा सगळ्यात मोठा 'जर-तर' हाच!

नेपोलियन आणि वेलिंग्टन, दोघांचा जन्म १७६९ चा. रणांगणावर आमनेसामने मात्र एकदाच. पहिली मॅच तीच फायनल!

आता जरा थांबा, कारण पुढची गोष्ट आपल्या घरची आहे. हा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला तो होता आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला! समोर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, मध्ये केळना नदी. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. पण त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. म्हणजे लोकांची ये-जा असणारच! अंदाज अचूक निघाला, फौज पार झाली. पुढं शिंद्यांच्या तोफखान्यानं त्याला असं भाजून काढलं की जिंकूनही तो ते कधी विसरला नाही. उतारवयात त्याला विचारलं, तुमची सगळ्यात सरस लढाई कोणती? उत्तर वॉटर्लू नव्हतं. उत्तर होतं असई! मराठी गोलंदाजांना यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोण देणार?

पुन्हा वॉटर्लू. नेपोलियन गादीवरून पायउतार झाला २२ जूनला. इंग्रज घोडदळाचा प्रमुख लॉर्ड अक्सब्रिज याचा पाय मात्र लढाईच्या दिवशीच उतरवावा लागला! तो पाय वॉटर्लूत एका घराच्या बागेत पुरला आणि चक्क टुरिस्ट स्पॉट बनला.

वेलिंग्टनचा घोडा कोपनहेगन दिवसभर तोफगोळ्यांतून त्याला घेऊन फिरला. रात्री मालक खाली उतरला, पाठीवर थाप मारली आणि घोड्यानं सणसणीत लाथ झाडली! थोडक्यात हुकली. पुढं हा घोडा मेला तेव्हा त्याला लष्करी इतमामात पुरलं.

नेपोलियनची बग्गी? ती प्रशियनांच्या हाती लागली, लंडनच्या प्रदर्शनात गाजली, मग मादाम तुसाँकडे गेली आणि १९२५ च्या आगीत खाक झाली.

आणि स्वतः सम्राट? त्याला जायचं होतं अमेरिकेला! पण बंदराबाहेर इंग्रजी जहाजं टपलेली. १५ जुलैला तो 'बेलेरोफन' या जहाजावर इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि ऑक्टोबरात पोचला सेंट हेलेनाला. अटलांटिकच्या मधोमध, आफ्रिकेचा किनारा जवळपास १,९०० किलोमीटर लांब!

तिथं नेपोलियनसाठी ठरलेलं घर तयार नव्हतं. म्हणून सुरुवातीचे सुमारे दोन महिने तो 'द ब्रायर्स' नावाच्या बंगल्याच्या आवारात राहिला. आणि माहीत आहे का, १८०५ मध्ये हिंदुस्थानातून मायदेशी जाताना त्याच बंगल्यात कोण उतरलं होतं? आर्थर वेलस्ली! हे कळल्यावर वेलिंग्टननं १८१६ मध्ये पॅरिसहून पत्र लिहून बेटावर जाणाऱ्या अॅडमिरलला कळवलं : बोनीला (म्हणजे नेपोलियन बोनापार्टला) सांगा, त्याच्या एलिझे महालातल्या खोल्या मला झकास मानवल्यात, माझी तिकडची खोली त्यालाही आवडली असेल अशी आशा आहे!