समुद्रपुष्प आणि त्याचा रहिवासी
काचेच्या टाकीत क्लाऊनफिश व समुद्रपुष्प यांचे साहचर्य पाहावयाचे असेल, तर दोघांना एकदम दाखल करण्याची घाई करू नये. कारण मासा नव्या पाण्यात त्या मानाने लवकर रुळतो, परंतु पेशींत वसणाऱ्या सूक्ष्म शैवलांच्या प्रकाशसंश्लेषणावर पोसले जाणारे समुद्रपुष्प, प्रखर प्रकाश, २५ ते २६ अंश सेल्सिअस तापमान आणि किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार यांचा कायम बंदोबस्त होऊन टाकी निदान सहा महिने स्थिरावल्यावाचून, सहसा तग धरीत नाही. जागा न मानवल्यास ते बूड सोडवून सरकू लागते आणि पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊन फाटते; तेथे जाळीची तजवीज आधीच करावी. मासा प्रथम त्याच्या दंशधारी शुंडकांना निसटता स्पर्श करून मागे फिरतो, पुन्हा येतो, आणि अखेर निर्धास्तपणे आत लोळू लागतो. हे दृश्य तासन्‌तास पाहावे असे असते. क्लाऊनफिशच्या जोडीतील मोठी ती मादी. ती मेल्यास नरच पुढे मादी होतो. टाकीत पैदास झालेले क्लाऊनफिश आता मिळतात. खरेदी त्यांचीच करावी, प्रवाळभित्तीवरून धरून आणलेल्यांची नव्हे.