हाड जुळलं, मूठ वळेना

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर म्हणजे जुन्या मराठी घरांचा ‘माणिकरावांचा आखाडा’. प्रोफेसर माणिकराव कसरतीचे गुरू, आणि हाडं बसवण्यातही त्यांचं नाव होतं. हाड बसवणारा आणि व्यायाम शिकवणारा एकच, ही जोड मला फार मोलाची वाटते. कारण प्लास्टर निघाल्यावर एक्स-रे छान दिसतो, पण भाकरी थापता येत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही.

निरोगी मनगट तळव्याकडे साधारण ८० अंश आणि मागे ७० अंश वाकतं. प्लास्टरमध्ये सांध्याचं आवरण आखडतं, बोटं ओढणारे कंडरे आसपास चिकटतात. लकव्यात सांधा धड असतो, पण मेंदूची आज्ञा पोचत नाही. दोन्हीकडे उपाय चिकाटीचा: तीच हालचाल पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे. दुखतं, कंटाळा येतो आणि घरी गेल्यावर व्यायाम सुटतो.

संगणक मदतीला येतो तो इथे. २०१३ मध्ये बाजारात आलेला ‘लीप मोशन’ हा मुठीत मावणारा सेन्सर. तो अवरक्त प्रकाशात बोटांची हालचाल टिपतो; हातात काही धरावं लागत नाही, त्यामुळे पकड गेलेल्यालाही खेळता येतं. समजा, मनगट मागे वाकवलं की पडद्यावरचा पतंग चढतो. आज २० अंशांवर चढला, तर पुढच्या आठवड्यात २५ मागायचे. रुग्णाला स्वतःची प्रगती डोळ्यांनी दिसते, आणि हे फार मोठं बळ आहे.

तरी आभासी वास्तवाचा (व्हीआर) चष्मा चढवला की हात सुटला, असं कुणी सांगितलं तर मानू नये. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त लकव्याच्या १४१ रुग्णांवरचा अभ्यास आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काहींना निन्टेन्डोचा ‘वी’ हा व्हिडिओ गेम दिला, काहींना पत्ते, जेंगा असे साधे खेळ. सुधारणा दोन्ही गटांत झाली. ‘वी’वाले पुढे गेले नाहीत. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातही ७२ चाचण्यांवरून हातासाठी आभासी वास्तवाचं तंत्र नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरलं नाही. त्यांच्या जोडीला जादा वेळ दिला तर मात्र फायदा दिसला. म्हणून महागडी खोली सजवण्यापेक्षा रुग्णाच्या घरी जाईल असं साधन मला जास्त हवंसं वाटतं. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाचं ‘प्लूटो’ हे यंत्र त्या वाटेवरचं आहे: मोटर एकच, धरायच्या मुठी बदलायच्या, एकीनं मनगट, दुसरीनं पंजा.

उत्तरायणात मांजानं बोट कापून कंडरा शिवलेला असेल, तर मात्र घरचा गेम लगेच सुरू करू नये. पहिले काही आठवडे टाका नाजूक असतो. गुणांच्या नादात जोरानं मूठ वळली तर तो तुटू शकतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कुठलं बोट, किती आणि कधीपासून हलवायचं, हे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट मिळून ठरवतात.