झुडपी माळ ओसाड नसतो

साकोली तालुक्यातल्या सानगडीचा प्रदेश धानाच्या बांध्यांचा आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचा. पूर्व विदर्भात अशा मुलखातल्या खुरट्या माळाला महसुली दप्तर ‘झुडपी जंगल’ म्हणते. लोक पडीक समजतात. पण तलावाचा येवा अशाच चढावरून येतो. गवत-झुडपे पाण्याचा वेग मोडतात, माती धरतात. माळ खरवडला की गाळ तलावात उतरतो आणि सिंचन घटते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाला वनजमीन ठरवले. मग घरे, शाळा कुठे बांधायच्या? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी न्यायालयाने केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली. नव्या बांधकामाआधी मात्र पाण्याची वाट तपासावी. तलाव राखायचा तर माळही राखावा लागेल.